मातेचा वाढलेला मुक्काम

३१ ऑगस्ट, रवि.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात टेबलं मांडलेली. गायन, वाचन, सफाई, फुलं, आजाऱ्यांना भेटणारे, तरुणांचं मंडळ. फादर म्हणाले, प्रत्येकाने निदान एका गटात यायचंच, नुसतं बाकावर बसून घरी जायचं नाही. माझ्याकडेच बघून म्हणाले असं वाटलं. तीन वर्षं मी दुसरं काय करतेय.

भाजीबाजारात फिरावं तशी फिरले. गायनाच्या बाईंनी विचारलं, आवाज वरचा की खालचा? म्हटलं, नगरकडचा. हसल्या नाहीत. गाणी सगळी इंग्लिश नि कोंकणी. तरुणांच्या टेबलावरून एक गोळी मिळाली.

सफाईत नाव दिलं. शिवाय झोनमध्ये, म्हणजे इथे डोंबिवलीत मानपाड्याला आमच्या आसपासच्या बिल्डिंगांतली कॅथलिक घरं. झोनचा प्रमुख जॉन्सन, केरळचा, पण मराठी फर्डं. "साळवे आंटी, तीन वर्षं इथे राहता आणि मला पत्ताच नाही?" म्हटलं, मेले असते तरी लागला नसता. बिचारा गडबडला. उगाच बोलले.

६ सप्टें., शनि.

चर्चच्या सफाईला गेलेले. आपलं फडकं घेऊन. सगळ्या बायका जुन्या, प्रत्येकीची बाकांची रांग ठरलेली. मी डावीकडची पुसायला घेतली तर एक जण अगदी गोड आवाजात, "ती माझी लाइन." मग दुसरी घेतली. ती पण कुणाची तरी. शेवटी जिन्याचा कठडा पुसला, तो कुणाचाच नव्हता.

नंतर चहा. गप्पा कोंकणीत. माझ्याकडे वळून मधेच एकदा "बिस्कीट घ्या ना". वाईट कुणीच नाही, तेच तर दुखणं आहे. भांडायलाही जागा नाही.

१० सप्टें.

ज्योतीचा फोन. "आई, तू जरा लोकांत मिसळ." हिच्या जवळ राहायचं म्हणून वर्तकनगरची खोली विकून इथे आले आणि वर्षात हिलाच बंगळूरची नोकरी लागली. तिला एवढंच म्हटलं, मिसळतेय.

आमचे साळवे असते तर पहिल्याच रविवारी अर्ध्या चर्चशी दोस्ती करून आले असते. मी पस्तीस वर्षं वॉर्डात नर्स. लोक माझ्याकडे येत, मला जावं लागलं नाही कधी. ती सवयच नाही.

२१ सप्टें., रवि.

चार वाजताची मराठी मिस्सा. महिन्यातून दोनदा. बायबलातलं पहिलं वाचन मी केलं. आवाज नीट लागला. माणसं थोडी, तीही लांबून आलेली. एक कुटुंब खडवलीहून येतं. आशीर्वाद झाला की सगळे रिक्षा पकडायला. "छान वाचलं हो" एवढंच चालता चालता.

नंतर झोनची बैठक. ऑक्टोबरात मरियामातेची मूर्ती घरोघरी. एका घरी एक रात्र मुक्काम, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जपमाळ म्हणत पुढच्या घरी न्यायची. जॉन्सन म्हणाला, "आंटी, घरी किती जण?" म्हटलं, एक. "नो प्रॉब्लेम, खुर्च्या आम्ही आणू." मला ११ तारीख मिळाली. माझ्यानंतर लोबो, त्यानंतर रेजिना आंटी.

३ ऑक्टो.

रोज जपमाळेला जाते. दहा मण्यांचं एक दशक, प्रत्येक दशक वेगळ्या भाषेत. मराठीचं माझ्याकडे आलं. मी "नमो मरिये" म्हणते आणि उत्तर चार भाषांतून एकदम येतं. आधी हसू आलं. आता बरं वाटतं.

रेजिना आंटी माझ्या शेजारी बसतात. ऐंशीच्या पुढे, मंगळूरच्या, चाळीस वर्षं डोंबिवलीत. एकट्याच. मोबाइल साधा, व्हॉट्सअॅप नाही. मला विचारलं, "तू इंजेक्शन देत होता ना? हात हलका आहे तुझा." हात धरून बघितला की हो त्यांनी. कुणी हात धरून किती दिवस झाले.

११ ऑक्टो., शनि.

आज माता आपल्याकडे.

जपमाळेनंतर वाटायचे चणे कालच भिजत घातलेले. दुपारी उकडून खोबरं घातलं. पडदे धुतले. सातला सगळे आले. दारात चपलांचा ढीग. समोरच्या कुलकर्णीवहिनींनी विचारलं, काय कार्यक्रम? म्हटलं, माता आलीय आमची. त्याही येऊन हात जोडून गेल्या. साळवेंच्या खुर्चीत इतके दिवस कुणाला बसू दिलं नव्हतं, रेजिना आंटी सरळ जाऊन बसल्या. बसू दिलं.

चणे पुरले. सगळे गेल्यावर मातेसमोर मेणबत्ती लावून बसले आणि बोलत सुटले. ज्योतीचं, सफाईच्या बायकांचं, गुडघ्याचं. मोठ्यानं. या घरात मी मोठ्यानं बोललेच नव्हते कधी. उद्या ही जाणार म्हणून मेणबत्ती विझवावीशीच वाटत नाही. वेडेपणा आहे, मला कळतं.

१२ ऑक्टो., रवि.

सकाळी मिसेस लोबोंचा फोन. सासूबाई गेल्या, सगळे मंगळूरला निघालेत. "माता आज सरळ रेजिना आंटीकडे न्या. मी त्यांना सांगितलंय, त्या तयारीला लागल्या. फक्त जॉन्सनला कळवा."

जॉन्सनला कळवलं. लोबोंकडचं कळवलं. पुढचं असं सांगितलं की आज परत माझ्याकडेच होऊ दे. तो म्हणाला, ओके आंटी, ग्रुपवर टाकतो.

म्हातारीची अशी घाईघाईत धावपळ कशाला, तिची पाळी उद्या आहेच. आणि संध्याकाळी त्या इथे येतीलच, तेव्हा सांगू.

(रात्री) आज माणसं कमी. पण आली. चणे परत केलेले. जॉन्सनच्या बायकोने कृती विचारली. मातेला गजरा घातला. फार छान गेला दिवस.

१३ ऑक्टो., सोम.

काय करून बसले मी.

सकाळी रेजिना आंटींकडे गेले, आज माता तुमच्याकडे हे सांगायला. दार उघडलं. हॉलमध्ये शेजाऱ्यांकडून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या रांगेत. टेबलावर पांढरं कापड, मधे मूर्तीपुरती जागा, दोन्हीकडे फुलं, माना टाकलेली. ओट्यावर पातेलं भरून चणे, आंबूस वास.

"सात वाजता बसले मी दार उघडून," म्हणाल्या. "नऊला मेणबत्ती विझवली."

फोन करायचा ना, मी म्हटलं. काय तोंडाने म्हटलं देव जाणे.

"कुणाला? सगळे येणारच होते ना." मग म्हणाल्या, "तुझ्या घरी मी नव्हते. ते कुणाला दिसलं पण नाही?"

नाही दिसलं. खरंच नाही दिसलं. रोज माझ्या शेजारी बसणारी बाई. मी चपला बघत होते, किती आल्या. माझ्याकडे कुणी बघत नाही म्हणून मी महिना महिना रडते, आणि माझ्याच घरात एक माणूस कमी होतं ते मला कळू नये.

म्हटलं, चूक माझी आहे, मातेला मीच ठेवून घेतलं. "हां," म्हणाल्या. दार लावलं. हळू लावलं.

संध्याकाळी माता त्यांच्याकडे नेली. सगळे आले. कोंकणी दशक त्यांनीच म्हटलं, खणखणीत. चण्यांच्या जागी दुकानातले वेफर्स. सगळ्यांना वाटले, मलाही. "घ्या," म्हणाल्या. सकाळपर्यंत तू म्हणत होत्या.

१९ ऑक्टो., रवि.

रेजिना आंटी आज मिस्सेला पलीकडच्या बाजूला बसल्या, फुलांच्या गटातल्या बायकांजवळ. मी बघितलं तेव्हा वेदीकडे बघत होत्या.

जॉन्सनला सगळं सांगून टाकलं. "होतं असं आंटी," म्हणाला. होत नाही असं. कुणीतरी करतं तेव्हाच होतं.

२५ ऑक्टो., शनि.

रेजिना आंटींच्या बिल्डिंगखाली जाऊन आले. वर नाही गेले. काय सांगणार? तुमच्यासारखीच मीपण एकटी, म्हणून तुमची संध्याकाळ घेतली? ऐकायलाच घाण वाटतं.

सफाईला आता नेमाने जाते. कठडा माझा झालाय. आज एकीने विचारलं, गेल्या शनिवारी तुम्ही लवकर का गेलात? म्हणजे बघतात. बघत होतेच बहुतेक. मलाच दिसत नव्हतं.

९ नोव्हें., रवि.

फादर म्हणाले, आजाऱ्यांना आणि घरात अडकलेल्यांना भेटायला माणसं कमी पडतात. मनात आलं, हे तर माझं काम. रक्तदाब बघता येतो, जखम बांधता येते, जन्मभर केलंय. मिस्सा संपल्या संपल्या जॉन्सनला गाठलं. लिही माझं नाव.

तो चुळबुळ करायला लागला. "आंटी, तुमचं नाव आलंय आधीच."

कुणी दिलं?

"म्हणजे... ज्यांना भेटायला जायचं, त्यांच्यात. एकट्या राहणाऱ्यांत."

कानशिलं तापली. मला भेटायला? मी काय अंथरुणाला खिळलेय? एकसष्ट वर्षांची धडधाकट बाई मी. कुणी दिलं नाव ते सांग आधी.

"रेजिना आंटींनी. म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला पाठवू नका, बुधवारी मीच जाते."

१२ नोव्हें., बुध.

पाचला येते म्हणाल्यात. आमची लिफ्ट सोमवारपासून बंद. तीन जिने, या वयात. फोन लावला, सांगायला की मीच खाली उतरते, अंगणात बाकड्यावर बसू. त्यांनी उचलला नाही.

तीन दिवस एकच डोक्यात. माफ करायला येतायत, की वाट बघणं काय असतं ते मला कळावं म्हणून नाव दिलंय? असंच असेल तर चूक म्हणणार नाही मी. पण त्या तशा नाहीत वाटतं. मला काय माहीत त्या कशा आहेत, आठ-दहा दिवस शेजारी बसले फक्त.

साडेपाच होऊन गेले. जिन्यावर दोनदा पावलं वाजली, दोन्ही वेळा कुलकर्णींकडची. पातेल्यात पाणी घेऊन उभी आहे. एक कप चहा टाकू की दोन, ठरत नाही.