वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक

मंगळवार, संध्याकाळ

सुमनताईंनी आज सकाळी पुस्तक न वाचताच काउंटरवर आणून ठेवलं. "मॅडम, तुमच्या वाचनालयाचा मेसेज मालकांच्या मोबाइलला गेला की! पुस्तकाच्या नावासकट." घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक. घरी काय झालं असेल, ते विचारायचं धाडस झालं नाही.

मेसेजची सोय सुरू झाली तेव्हा पेढे मीच वाटले होते. कशाला एवढी हुरळले?

सकाळपासून आमचे जुने ग्रंथपाल पाटीलसर आठवतायत. बाईमाणसाला पुस्तक देताना ते वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. मी नवी होते, मला वाटायचं पावसात भिजू नये म्हणून. पण उन्हाळ्यातही गुंडाळायचे! एकदा विचारलंच. म्हणाले, "पोरी, कोण काय वाचतंय ते गल्लीला कशाला कळायला पायजे?" त्या कागदाची घडी घालणारी त्यांची बोटं अजून डोळ्यांसमोर आहेत.

सुमनताईंना म्हटलं, "तुमच्या खात्यावरचा यजमानांचा नंबर काढून टाकते, पुस्तक परत न्या."

"नको. लोणच्यांचं एखादं द्या."

दिलं. सरांसारखंच वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे मॅडम. ह्ये दिसलं तरी चालतंय."