चार्जर अपडेट, व्हाया कागल

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार
वखारीने दिलेली नवी डायरी आजपासून सुरू. जानेवारी कोरा गेला. पण संकल्पाला एक तारीख लागते आणि एक तारीख आज आहे.
आरोही बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरीच. जावई सौरव बेळगावहून गाडीने सोडून लगेच परत गेला. डॉक्टरांनी तारीख २२ दिली आहे. उंबऱ्याच्या आत येताच आरोही मला म्हणाली, आप्पा, तंबाखू सोडली न्हाई तर बाळ हातात देणार न्हाई, आत्ताच सांगून ठेवते. हसत म्हणाली. तरी मला ते लागलं.
मी निपाणीच्या वखारीत एकतीस वर्षं तंबाखूचा पारखी होतो. डोळे मिटून वासावर पान कुठल्या शिवारातलं ते सांगत असे. अशा माणसाने सोडली तर त्याला सोडणं म्हणतात. संध्याकाळी सगळ्यांसमक्ष डबी अंजनाच्या हातात दिली. तिने ती ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. विषय संपला.

३ फेब्रुवारी
तंबाखू सोडली, दिवस तिसरा. त्रास शून्य. लोक उगाच बाऊ करतात.
सदऱ्याच्या खिशात दोन चिमटी सुटी ठेवली आहे, ती दाढेसाठी. डबी नाही, चुना नाही, म्हणजे ती तंबाखू नव्हेच. नुसता पाला.

४ फेब्रुवारी
बाळंतपणाचं प्लॅनिंग पूर्ण. एक कागद लिहून फ्रिजला चिकटवला: 'पोटात दुखू लागल्यास सर्वप्रथम आप्पांना फोन. पुढील सूचना आप्पा देतील.' दवाखान्यात, सौरवकडे, शेजारच्या भरमूकडे (त्याची ओम्नी आहे), सगळीकडे माझाच नंबर दिला. एकच नंबर असला की गोंधळ होत नाही. अंजना म्हणाली, अवो, पोरीचं पोट दुखंल तवा तुमी पायखान्यात असला तर? असले प्रश्न विचारणाऱ्यांमुळेच प्लॅनिंग फसतं.

५ फेब्रुवारी, सकाळी
फोन चार्ज होत नाही. वायरची पिन आतच जाईना. परवापर्यंत चांगली जात होती. फोन कायम सदऱ्याच्या खिशात असतो, कुठे पडला नाही, भिजला नाही. म्हणजे कंपनीचाच माल कच्चा.
सौरवला कळवू नको म्हणून अंजनाला बजावलं. जावयापुढे अडाणी ठरायचं नाही.

५ फेब्रुवारी, दुपारी
अंजनाने सौरवला कळवलं. तो म्हणाला, मामा, वायरलेस चार्जर पाठवतो, फोन नुसता वर ठेवायचा. संध्याकाळच्या बसने पार्सल येतंय.

६ फेब्रुवारी
चार्जर आला. बशीएवढा, काळा. फोन ठेवला की हिरवा दिवा. वायर नाही, पिन नाही. शेजारच्या मनुबाईंना, म्हणजे भरमूच्या आईला, मुद्दाम बोलावून दाखवला. त्या म्हणाल्या, लई भारी की, पापड भाजत्यात का ह्याच्यावर?

७ फेब्रुवारी, शुक्रवार
तंबाखू सोडली, दिवस सातवा. आठवडा झाला! आरोहीला सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला, म्हणाली, आप्पा, मला वाटलंच नव्हतं. भरून आलं.
एक छोटी सुधारणा. दाढेचा पाला खिशात सांडतो आणि सदरा धुताना अंजनाच्या हाताला लागतो. म्हणून आजपासून तो चांदीच्या कागदात नीट बांधून फोनच्या कव्हरच्या मागच्या कप्प्यात ठेवला आहे. वखारीत शिकलो, माल सांडता कामा नये.

८ फेब्रुवारी
चार्जर बिघडला. फोन ठेवला की लाल दिवा लुकलुकतो. दोन दिवसांत! फोन ५१ टक्के.

९ फेब्रुवारी, रविवार
लाल. अंजनाने पुन्हा परस्पर सौरवला विचारलं. तो म्हणे, मामांना कव्हर काढून ठेवायला सांगा. कव्हर काढण्याचा प्रश्नच येत नाही. कव्हर म्हणजे फोनचा सदरा आहे. चार माणसांत मी सदरा काढून बसतो का?
विचित्र गोष्ट: दुपारी पुडी संपली होती, तेवढ्यात सहज फोन ठेवला तर हिरवा दिवा. तासभर व्यवस्थित चार्ज झाला. मग बाजारात जाऊन आलो, पुन्हा ठेवला, तर लाल. बाजाराला जाण्याचा आणि चार्जरचा संबंध काय? व्होल्टेज असणार.

१० फेब्रुवारी
दोष सापडला. चार्जरच्या डब्यावर ॲपचा चौकोन होता. ॲप उतरवलं. त्यात लिहिलंय: फर्मवेअर अपडेट उपलब्ध. फर्मवेअर म्हणजे चार्जरच्या आतली अक्कल. ती जुनी झाली म्हणून दिवा लाल. सौरव कम्प्युटरवाला असून त्याला हे सुचलं नाही. मी काही बोलणार नाही. अपडेट करून शांतपणे हिरवा दिवा दाखवेन.
अपडेटआधी रजिस्टर करा म्हणतंय. नाव टाकलं. गाव निपाणी. राज्य महाराष्ट्र.
ॲपने लाल अक्षरांत सांगितलं की तुमचं लोकेशन आणि राज्य जुळत नाही.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
आमच्या वडिलांनी मरेपर्यंत पत्रावर 'निपाणी, महाराष्ट्र' लिहिलं. पत्रं येत होती. मीही कुठल्या फॉर्मवर दुसरं काही लिहिलेलं नाही. आधार, रेशन कार्ड, गॅस, लाईटचं बिल, पेन्शन हे सोडून. तिथे इलाज नव्हता. पण चार्जर खाजगी वस्तू आहे. तिथेही नमायचं म्हणजे काय!
अंजना म्हणाली, त्या बशीला काय कळतंय कुठलं राज्य? टाका की कर्नाटक आन् मोकळं व्हा. तिला तत्त्व कळत नाही. तिचं माहेर सीमालढ्यातल्या कंग्राळीचं असूनही.
फोन ४४ टक्के.

११ फेब्रुवारी, मंगळवार
सात वेळा प्रयत्न. सातही वेळा लोकेशन जुळत नाही. फोन ३८. आरोही म्हणाली, पाठीत थोडं भरून आलंय. अंजनाने तिच्या चेहऱ्याकडे नुसतं बघितलं आणि दवाखान्याची पिशवी दाराशी आणून ठेवली. मी फ्रिजवरचा कागद दाखवला. अजून अकरा दिवस आहेत.
दुपारी एकदम युक्ती सुचली. राज्य आणि लोकेशन जुळत नाही ना? मग राज्य कशाला बदलायचं, लोकेशन बदलू. उद्या सकाळी चार्जर घेऊन कागलला जातो. वीस किलोमीटर. तिथे सगळंच महाराष्ट्र आहे. तासाभराचं काम.
घरात फक्त 'बँकेत जातो' असं सांगेन.
तंबाखू सोडली, दिवस अकरावा.

१२ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ९.५०, कागल
स्कूटरवर आलो. हायवेला वारं फार. स्टँडजवळ मारुतीराव म्हणून एकांचं हॉटेल आहे, त्यांच्या काउंटरमागच्या प्लगला चार्जर लावला. मारुतीरावांनी विचारलं, पावणं, ही भाकरी कसली? सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, निपाणीतनं फोन चार्ज कराय कागलला आलासा? मी म्हणालो, प्रश्न चार्जचा नाही.
राज्य महाराष्ट्र. लोकेशन महाराष्ट्र. जुळलं! अंगावर काटा आला. वडील हवे होते.

१०.०५
अपडेट सुरू. सूचना: पूर्ण होईपर्यंत चार्जर बंद करू नये, ॲप सोडू नये. ४ टक्के झालं. फोनची बॅटरी २९.

१०.२०
अपडेट २२, बॅटरी २६. अंजनाचा फोन आला. कट केला. ॲप सोडू नये असं स्पष्ट लिहिलंय. भाजी काय आणायची ते विचारत असेल.

१०.२४
पुन्हा अंजना. कट.

१०.३१
आरोहीचा फोन. बोट हिरव्या बटणापर्यंत गेलं होतं. अपडेट ४१. इथे सोडलं तर चार्जर कायमचा जाईल, मग बाळंतपणाच्या दिवशी फोन बंद असेल, मग कंट्रोल कोण करणार? मन घट्ट करून कट केला. पोरीला नंतर सांगेन, हे तिच्यासाठीच चाललंय.
दाढेला थोडा पाला लावला.

१०.५०
नवीन नंबर. मग सौरव. मग भरमू. आज सगळ्यांना माझीच आठवण. सगळे कट. अपडेट ७८, बॅटरी १७. मारुतीराव म्हणाले, घ्या की फोन, कुणाचं काय आसंल. मी म्हणालो, पाच मिनिटं.

११.१५
शंभर टक्के! अपडेट यशस्वी. मारुतीरावांना आणि दोन गिऱ्हाइकांना चहा सांगितला. सगळ्यांसमोर फोन चार्जरवर ठेवला.
लाल.

११.२०
नवीन अपडेटमध्ये काय सुधारणा झाली ते ॲपमध्ये वाचलं. 'दिव्याचा लाल रंग आता अधिक ठळक.' खरंच ठळक आहे.
बहुतेक नीट बसलं नसावं. पुन्हा एकदा करतो. बॅटरी ११. आधी घरी एक फोन करावा का? फोन केला तर बॅटरी जाईल. अपडेट झालं की निवांत फोन करतो.

११.४५
अपडेट ६३, बॅटरी ३. मनात सारखी दाराशी ठेवलेली पिशवी येते आहे. अजून दहा दिवस आहेत. डॉक्टर काही उगाच तारीख देत नाहीत.

११.५२
फोन गेला. पडदा काळा. मारुतीरावांनी आपला फोन पुढे केला, म्हणाले, लावा घरी. फोन हातात घेतला आणि कळलं, मला घरातल्या कुणाचाही नंबर पाठ नाही. पाठ आहे तो फक्त माझा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, पहाटे पाच
कागलनंतर काल लिहायला झालं नाही. झालं ते असं.
दीड वाजता घरी पोचलो. वाटेत स्कूटर पंक्चर. घराला कुलूप. फ्रिजवरच्या कागदाचं आता कुणाला काय. मनुबाई कट्ट्यावर होत्या. म्हणाल्या, अवो परशराम, नात झाली न्हवं तुमास्नी! दहाला पोरीच्या पोटात कळा आल्या, भरमूनं गाडी काढली. तुमाला किती फोन लावलं. कुठं गेलता?
बँकेत, म्हणालो.
दवाखान्यात गेलो तर सौरव आधीच तिथे. बेळगावहून पंच्याहत्तर किलोमीटर तो आला. आरोही थकून पडली होती. आत नेताना ती सारखी विचारत होती, आप्पा आले का? हे मला नर्सने सांगितलं, सहज.
आरोहीने माझ्याकडे बघितलं आणि रागावली नाही. त्यामुळे जास्त वाईट वाटलं. म्हणाली, आप्पा, तुम्ही शब्द पाळलाय, हात धुऊन या, घ्या तिला. मी कोपरापर्यंत हात धुतले. साबण दोनदा लावला.
तेवढ्यात सौरव म्हणाला, मामा, फोन द्या, तोवर चार्जिंगला लावतो, तुमचा पहिला फोटो तुमच्याच फोनमध्ये काढू. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने माझ्या पिशवीतून चार्जर काढून लावला. दिवा लाल. तो म्हणाला, कव्हर काढलं न्हाई तुम्ही? मधे काही धातूचं असलं की हा लाल होतो. आणि कव्हर ओढलं.
पुडी पलंगाच्या कडेवर पडली, तिथून फरशीवर. चांदीचा कागद उलगडला. खोलीभर वास. एकतीस वर्षं मी त्या वासाची परीक्षा घेतली. काल त्याने माझी घेतली.
सौरवने खाली बघितलं. फोन चार्जरवर ठेवला, हिरवा दिवा लागला. कुणी तिकडे बघत नव्हतं.
मग अंजनाने बांगडीतली सेफ्टी पिन काढली, माझा फोन उचलला आणि वायर घालतात त्या भोकात पिन फिरवली. ते कायम खिशात खालच्या बाजूला असतं. आतून दाबून बसलेला पाला निघू लागला, थोडा थोडा करून चिमूटभर. तिने तो कागदावर घेतला आणि कागद माझ्यासमोर ठेवला. वायर लावली. पिन सहज आत गेली.
आरोही एवढंच म्हणाली, आई, बाळाला तुझ्याकडं घे.
मी ओल्या हातांनी दाराशी उभा होतो. नात लांबून बघितली. डोक्यावर भरपूर जावळ आहे. नाक आरोहीचं. बाकीचं तिथून दिसलं नाही.
फोन सुरू झाला तसे मेसेज येत राहिले. अंजना नऊ वेळा, आरोही सहा, दवाखाना दोन, भरमू चार. आरोहीचा एक मेसेज, १०.३३ चा, मी न उघडलेला: आप्पा भीती वाटते, या ना.

१३ फेब्रुवारी, सकाळी सात
अंजना अंघोळीला घरी आली होती. जाताना ट्रंक उघडली, डबी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, घ्या. निदान खिशात तरी सांडू नका.
भांडली असती तर बरं झालं असतं.
डबी समोर आहे. उघडलेली नाही. वायरने फोन चार्ज होतो आहे, ८२ टक्के. चार्जरच्या ॲपमध्ये जाऊन राज्य कर्नाटक केलं. एका सेकंदात जुळलं. आता त्याचा काही उपयोग नाही.
आरोहीचा मेसेज कितीदा वाचला. त्याच्याखाली 'येतो' असं लिहिलं आणि पुसलं.
तंबाखू सोडली. दिवस पहिला.

७.२०
अजून सोडलेली आहे.