शेऱ्याचा रकाना

४ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर काय करायचं ते तुमच्या बंधुराजांनी अखेर ठरवलं. मागच्या खोलीतल्या तबकड्या आणि कॅसेटी, म्हणजे आमच्या लग्नाआधीपासून साठलेला तो डोंगर, त्याची सूची होणार आहे. एकेक तबकडी पुसायची, लावायची, ऐकायची आणि वहीत नाव, साल, गाणारा-वाजवणारा आणि शेवटी शेरा लिहायचा. मला आनंदच झाला. म्हटलं, निदान माझ्या पायात पायात येणार नाहीत.

पण हे काम एकट्याच्याने होत नाही म्हणे. मदतीला एक बाई येतात, पूर्वी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायच्या. दुपारी त्या आल्या की दार बंद. का, तर आवाज बाहेर जाऊ नये. आवाज तर एवढा की शेजारीण भिंत ठोकते! एकदा चहा घेऊन गेले, तर व्हायोलिनबाई यांच्या कानाशी वाकून काही सांगत होत्या आणि हे लिहीत होते. मला पाहून दोघंही गप्प. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे यांनी चारचौघांत कितीदा सांगितलंय. पण कानाशी लागणं मला कळतं, वन्सं. मी स्वयंपाकघरातून कितीही हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, आणि बाई खिडकीतून दिसल्या की लगेच उठून उभे.

तुमच्याशिवाय हे कोणाला सांगू? लोभ आहे तो राहू द्या, आणि पत्र कोणाच्या हाती लागू देऊ नका.
तुमची वहिनी

११ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आधी पोटभर हसले. ज्याला स्वतःच्या बायकोचा वाढदिवस आठवत नाही, तो दुसरीचा काय लक्षात ठेवणार?

पण वकिलाच्या कचेरीत जन्म टंकलेखनात गेलाय माझा. हसून झाल्यावर शंका आलीच. रविवारी दादाला फोन केला. गुडघा कसा आहे विचारलं, तर म्हणाला, मंगळवारी. त्या बाईंचं नाव काढलं, तर हो हो म्हणून फोनच ठेवून दिला. कुठेतरी पाणी मुरतंय, वहिनी. मी त्याला खरमरीत पत्र टाकलंय. तू तूर्त तोंड मिट आणि डोळे उघडे ठेव.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी नणंद

१९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र कसलं, नोटीसच ती. वाचून राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं. खरं सांगतो, पण तुला माझी शपथ, तुझ्या वहिनीला कळू देऊ नकोस. मला ऐकू येत नाही. उजवा कान गेल्या वर्षीच गेला, डावाही जाण्याच्या वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात, यंत्राने बोलणं थोडंफार कळेल, गाणं नाही. म्हणून ही घाई. काही उरलंय तोवर सगळं एकदा ऐकायचं आणि कसं होतं ते लिहून ठेवायचं. जे निसटतं ते बाई डाव्या कानाशी येऊन सांगतात.

तुझी वहिनी मुळातच हळू बोलते. टोमणेसुद्धा हळू मारते. आता ते ऐकू येत नाहीत, पण ओठांवरून मला कळतात, आणि घर आपलं होतं तसंच आहे असं वाटतं. एकदा का तिने ओरडून बोलायला सुरुवात केली, की मी नवरा उरत नाही, पेशंट होतो. त्याची मला फार भीती वाटते.

आहेस तशी वाकडी राहा, पण यावेळी माझ्या बाजूने.
तुझा दादा

२४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

संशय सोडून दे. तसलं काही नाही, माझ्यावर विश्वास ठेव. जास्त विचारू नकोस. इकडे सगळे मजेत.

आहे तेवढं प्रेम पुरे, ते असू दे.
तुझी नणंद

२ एप्रिल

वन्सं,
न. वि. वि. (सुरुवातीचा ‘स.’ मुद्दाम गाळला आहे.)

आधीच्या पत्रात वाघीण आणि पुढच्यात गोगलगाय! तेव्हाच ओळखलं, बहीण-भाऊ एक झाले. मग मला दोघांचाही संशय यायला लागला.

काल बाईंना ताप होता, त्या आल्या नाहीत. यांनी तरीही दार लावून घेतलं. म्हटलं, आज काहीतरी हाती लागणारच, आणि धाडकन दार ढकललं. हे पाठमोरे बसले होते. स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवून छान मान डोलवत होते. आणि तबकडी केव्हाच संपली होती. सुई नुसती खरखरत फिरत होती.

न मिळालेली एकेक ओ मला तिथे दारात उभ्या उभ्या कळली. मी त्यांच्या पाठीमागे रडले, वन्सं, चांगली मोठ्याने रडले. त्यांना पत्ताही नव्हता.

मग समोर जाऊन बसले. मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे झाले. मी काही विचारलं नाही. हाताला लागली ती तबकडी लावली आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगायला लागले. मला सुरातलं काय कळणार? सांगितलं, की एक बाई कोणावर तरी भयंकर चिडलीय पण आवाज चढवत नाही, आणि मागे कोणीतरी डबे बडवतंय. ते इतके हसले! शेऱ्याच्या रकान्यात शब्द न् शब्द उतरवून घेतला. मग सगळं बोलले. मी ओरडेन ही भीती आणि तुम्हाला घातलेली शपथसुद्धा. महिनाभर मी त्या बिचाऱ्या बाईला नाही नाही ते बोलले मनातल्या मनात. ताप उतरला की त्यांना जेवायलाच बोलावणार आहे.

ओरडत नाही मी. समोर बसून हळूच बोलते, आणि ते माझ्या ओठांकडे बघत राहतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाने माझ्या तोंडाकडे इतकं कधी पाहिलं नव्हतं.

तुमच्यावर राग आहेच, त्याखाली लोभही आहे. आज सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं, तेही समोरासमोर बसून. मध्येच मी रागाने तोंड फिरवलं, तर यांनी हनुवटी धरून परत आपल्याकडे वळवलं आणि म्हणाले, की पुढचं राहिलं.

तुमची वहिनी