टीनाखालच्या कुरड्या

२ एप्रिल
जठारपेठेतल्या घराची वरची टीनाची खोली यंदा थंड करायचीच. उतरत्या टीनाखाली थर्माकोल ठोकायचा. धर्मेंद्र मिस्त्री म्हणे, "काका, खालून आन् वरून फट ठेवा लागते. नाही त वाफ जाईन कुठून?" वाफ इडलीची असते, छपराची नाही. फटीतून लू आत येते. सगळ्या फटी बुजवून घेतल्या.

५ एप्रिल, दुपार
खोली एसीसारखी. निदान होईल. बायकोने, गोदाने, गव्हाचा चीक काढून केलेल्या कुरड्यांची गाठोडी तिथेच आढ्याला टांगली आहेत. दरवर्षी वरूडला रागिणीकडे जातात. लेकीच्या सासरी गोदाच्या हाताला मान आहे.

२० एप्रिल
थंडावा थोडा कमी पडतो. कूलर लावला. गोदा म्हणाली, "खिडकी उघडी ठेवा, नाही त चिपचिप होते." अकोल्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मग थर्माकोलचा उपयोग काय? खिडकी बंद.

६ मे
थर्माकोलवर थेंब. म्हणजे कूलर उत्तम चालतो. उशी दमट.

१९ मे
कुरड्यांना हिरवी बुरशी. गोदा बघतच राहिली. माझ्या तोंडून निघून गेलं की नीट वाळल्या नसतील. ती म्हणाली, "असन. हातच बिघडला आता." तीस वर्षांत कधी बिघडला नव्हता. मला फार वाईट वाटलं. चहा झाला की खरं सांगणार, दोष माझ्या बुजवलेल्या फटींचा.

२० मे
चहा तीनदा झाला.

२३ मे
गोदा बाहेर गेल्यावर धर्मेंद्रला गुपचूप बोलावलं. थर्माकोल काढताच पाणी ओघळलं. त्याने ओलं बोट माझ्यासमोर धरलं. खालच्या-वरच्या फटी मोकळ्या केल्या. गोदा शेजारच्या पार्बताबाईंकडे गेली होती, कुरड्या कशा वाळवतात ते विचारायला. हिने अर्ध्या गल्लीला शिकवल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या नक्की.

२ जून
वरूडला यंदा पार्बताबाईंच्या कुरड्या पाठवल्या. रागिणीचा फोन आला, स्पीकरवर. "आई, या तुह्या हातच्या वाटत नाई." फोन मी घेतला. आता सांगायचंच. म्हटलं, त्या पार्बताबाईंच्या आहेत, आईच्या खराब झाल्या. रागिणीने विचारलं, "काहून?" गोदा माझ्याकडे पाहत होती.
मी म्हटलं, हवामान.
गोदा म्हणाली, "हो, यंदा हवामानच तसं होतं."