ई म्हणा

४ मार्च
आले बाई एकदाची! नवी नोकरी, नवी खोली आणि कान-नाक-घसा विभागात माझी स्वतःची खुर्ची. डुगडुगते, पण माझी आहे. आईला फोनवर सगळं साग्रसंगीत सांगितलं. मोतीबिंदूमुळे तिला हल्ली माणसं आवाजावरूनच ओळखावी लागतात. म्हणाली, तुझा आवाज आला की घर भरल्यासारखं वाटतं.

विभागप्रमुख सरांनी एक चमत्कारिक नियम सांगितला. घशात दुर्बीण घातली की पेशंटला ‘ई म्हणा’ एवढंच सांगायचं, स्वतः म्हणून दाखवायचं नाही. का, तर म्हणे इथली पद्धत. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

७ मार्च
लिलाव पुकारणारे एक काका आले. धिप्पाड माणूस, आवाज मात्र पार फाटलेला. दुर्बिणीतून डाव्या स्वरतंतूवर गुळगुळीत गाठ दिसली. ‘ई म्हणा’ म्हटलं तर बावचळून बघतच राहिले. बाहेर ही गर्दी! शेवटी मीच लांबलचक ई काढून दाखवला. पडद्यावर गाठ थरथरली. काकांनी तर अजून तोंडातून ब्रही काढला नव्हता.

१४ मार्च
स्कॅन झाला, तुकडा तपासून आला. नसेच्या आवरणातून उगवलेली, फार दुर्मीळ, पण साधी गाठ. कॅन्सर नाही! काका माझे हात धरून ढसाढसा रडले. मलाही भरून आलं.

१६ मार्च
ऑपरेशन झालं. तोंडातूनच गाठ सोलून काढली. मुळाशी जराशी राहू दिली, कारण नसेला धक्का लागला तर आवाज कायमचा जातो. काका गाढ भुलीत, घशात नळी. तरी ई ऐकू आला. माझ्या आवाजात. भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, गुणगुणू नकोस गं. माझे ओठ मिटलेले होते.

१९ मार्च
घसा बसलाय. एका जागी चैन पडत नाही, उगाच वॉर्डात फेऱ्या घालतेय. काकांना मौन सांगितलंय. मी दिसले की नुसते ओठ हलवतात.

२२ मार्च
आवाज गेला. सरांनी दुर्बीण घातली, ई म्हण म्हणाले. नुसती हवा. स्वरतंतू ठणठणीत आहेत. मग हळूच विचारलं, म्हणून दाखवलंस का? मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी दुर्बीण काढून ठेवली.

२३ मार्च
काकांचं मौन सुटलं. सिस्टर धावत आली – काका म्हणे पोरीच्या आवाजात बोलतात. आईला फोन करायचाय म्हणाले. नंबर तोंडपाठ. माझ्या आईचा –

आता काकांचा पलंग रिकामा.

२४ मार्च
आईला फोन लावला. माझा नुसता श्वास. कोण आहे, कोण आहे, ती विचारत राहिली. मग आत वळून – अगं, बघ गं, कुणी बोलतच नाही. आणि आतून – आले गं आई – माझाच आवाज –

घरी निघतेय. हाक तरी कशी मारू –

फोन. आईचाच. माझा आवाज तिला लाडीगोडी लावतोय – आई, ई कसा म्हणतात, दाखव ना –

नको आई – नको गं –

आई हसली. म्हणाली, वेडी कुठली, त्यात काय एवढं, ई –