तुमच्या गावची भरती

बाई, मी तुमच्या गावाला जाऊन आले. तुम्ही म्हणाल, अगं, एवढी मोठी बातमी अशी उंबऱ्यातूनच काय सांगतेस, आत ये, आधी पाणी पी. पण आत येऊन पाणी पिऊन बसले तर माझा धीर सुटेल, म्हणून आधी सांगून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या त्या गल्लीत आता मराठीपेक्षा भोजपुरीच जास्त कानावर पडते, आणि आपल्या दोन खोल्या होत्या तिथे मोबाइलचं दुकान आहे. एवढ्या वर्षांत मनात आणलं असतं तर केव्हाही जाता आलं असतं. मीच टाळत आले. दर वेळी काहीतरी कारण काढायचे, कधी गुडघे, कधी पाऊस, कधी घरात पाहुणे. खरं कारण एकच. मला तुमच्या गावाचा संशय होता.

गेले ती नातीमुळे. ती खडोलीला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. जन्मापासून सिल्वासाची, घरात मराठी, कंपनीत हिंदी, मैत्रिणींशी गुजराती, आणि भांडताना तिन्ही. एका रविवारी मोबाइल नाचवत आली. "आजी, हे बघ. समुद्राकाठची छोटी छोटी गावं, सुट्टीत जायला एकदम बेस्ट. आणि यात कोण आहे बघ. तुझ्या बाईंचं गाव!" मी चष्मा लावून पाहिलं. पांढरी वाळू, निळं पाणी, नारळाला बांधलेला झोका, केळीच्या पानावर मोदक. मी विचारलं, "माणसं कुठायत?" "कसली माणसं?" "गावात राहणारी. एकाही फोटोत माणूस नाही." ती म्हणाली, "आजी, तू पोलिसात पाहिजे होतीस." आता आमचा समुद्र म्हणजे दमणचा, तुम्हाला माहीतच आहे. वाळू काळी, पाणी गढूळ, काठाला उंट आणि भाजलेली कणसं. समुद्र असा असतो हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तो निळा दिसला की माझ्या मनात पाल चुकचुकते.

पण पाल काही त्या दिवशी पहिल्यांदा चुकचुकली नव्हती. तुमच्या स्वयंपाकघरातच ती कधीपासून बसलेली होती. मी धुळ्याकडून लग्न होऊन आलेली, नवरा धाग्याच्या कारखान्यात, पुढे मीही तिथेच बॉबिनवर. तुम्ही शेजारच्या खोलीत एकट्या, मराठी शाळेतल्या बाई. पाळी संपवून मी यायची, कानात मशीनचा आवाज घुमत असायचा, आणि तुम्ही कढईत पळी फिरवता फिरवता मला अक्षरं शिकवायच्या. पुस्तकातली कमळं-बदकं तुम्हाला चालायची नाहीत. ख खाडीचा, ग गलबताचा, न नारळाचा, भ भरतीचा. यातलं नारळ सोडलं तर मी काहीच पाहिलेलं नव्हतं. मग तुम्ही सांगायच्या. आमच्या घराच्या मागच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. रोज संध्याकाळी पाणी चढतं आणि खालच्या पायरीला लागतं. आम्ही पोरी पाय सोडून बसतो, आणि आई आतून हाक मारते, पाय पुसून या गं, पानं घेतलीत. हे सांगताना तुम्ही "बसायचो" म्हणत नव्हता, "बसतो" म्हणायच्या. जशा काही आत्ता उठून आलात.

मी अडाणी होते, पण खुळी नव्हते. तुमची आई एकदा ठेंगणी असायची, शिंक्याला हात पुरत नाही म्हणून पाट घेणारी. आणि एकदा दाराच्या चौकटीला डोकं लागेल अशी उंच. एकदा नथ घातलेली, एकदा पांढऱ्या कपाळाची. शाळेतले सगळे कोकणवाले मास्तर मे महिना लागला की ट्रंका बांधायचे, आंबे, फणस, गाव, गाव. तुम्ही मात्र आमच्या वाफाळत्या पत्र्याखाली सुट्टी काढायच्या, आणि जूनमध्ये सगळ्यांना आमसुलं वाटायच्या, गावाहून आलीत म्हणून. तीच आमसुलं, त्याच दोऱ्याने बांधलेली पुडी, मी वापीच्या बाजारात पाहिली होती. बोलले नाही. एकदाच बोलले. "बाई, एवढं चांगलं गाव, मग तुम्ही जात का नाही?" तुम्ही पळी आपटली. "अक्षरं शिकायला येतेस की चौकशा करायला? ऊठ. जा घरी." मी गेले. दोन दिवस फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः आमच्या दारात उभ्या, हातात सोलकढीचा गंज. आणि म्हणालात, "तुझी आई गेल्यापासून तुला भाऊ बोलावत नाहीत ना? मग ऐक. माझं गाव ते तुझं माहेर. कुणी विचारलं तर बेधडक सांगायचं."

बाई, तुम्ही सहज म्हणालात असाल. मी नाही ते सहज घेतलं. आपल्या लोकांची रीत तुम्हाला माहीत आहे. नळावर, बसमध्ये, कारखान्याच्या गेटवर, दोन मराठी माणसं भेटली की नावाच्या आधी विचारतात, गाव कुठलं? पगार नसला तर चालतो, गाव नसलं तर माणूस अधांतरी. बायकांना पुढचा प्रश्न, माहेर कुठलं? त्यानंतर मी कायम तुमच्या गावाचं नाव सांगत आले. मुलीच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं. नातीला झोपवताना त्या पायऱ्या सांगितल्या, ते पाणी सांगितलं. आणि तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत विचारलं, गावाला कळवलं का? तर हेडमास्तर म्हणाले, "पत्ता कुठे आहे?" कुणी आलं नाही. समुद्राकाठच्या बाईची राख आम्ही दमणगंगेत सोडली. तेव्हापासून मी मनात घोकत होते, की बाईंचं गाव खरं नसेल तर माझं माहेरही खरं नाही. म्हणून जायचं नव्हतं मला. नसलेलं जाऊन पाहण्यापेक्षा न पाहिलेलं बरं.

तरी गेले. नात गाडी चालवत होती, मी शेजारी बसून पाट्या वाचत होते, तुम्ही शिकवलेल्या अक्षरांनी. माणगाव मागे पडलं, रस्ता अरुंद झाला, आणि खरोखर तुमचं गाव लागलं. आहे. गाव आहे, बाई. सुपारीच्या वाड्या आहेत, वाडीतून पाटाचं पाणी खेळतं, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आहेत, मधून जायला बोळ. खाडी आहे. नात तर प्रत्येक वळणावर "वाव!" करत होती. मला एकेक गोष्ट खरी निघाली की बरं वाटायच्या ऐवजी जास्तच धाकधूक व्हायची, की आता कुठे तरी ठेच लागणार. फोटोतल्यापेक्षा वाळू करडी होती, त्याचं मात्र समाधान वाटलं. निदान तिथे तरी मी बरोबर होते.

उतरलो ते एका बाईंच्या घरी, त्या पाहुण्यांना खोल्या देतात. माझ्याहून जरा लहान, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. पहिल्याच जेवणाला त्यांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" मी सवयीने तुमच्या गावाचं नाव सांगून बसले. त्या वाढता वाढता थांबल्या. "हे? आमचं? कुणाकडचं?" मी सावरून घेतलं, माझं नाही, माझ्या बाईंचं, आणि तुमचं आडनाव सांगितलं. तुम्ही लग्न केलं नव्हतंत, तेव्हा आडनाव वडिलांचंच. त्यांनी मान हलवली. "नाही हो ताई. या आडनावाचं घर आमच्याकडे नाही. सासूबाईंच्या तोंडूनही कधी ऐकलं नाही." मी म्हटलं, "त्यांचं घर समुद्राला लागून होतं. मागे पायऱ्या." "समुद्राला लागून कोण घर बांधेल? खारं वारं घरात घ्यायला? आमची घरं सगळी वाड्यांच्या आत. दिसली नाहीत का येताना?" तरी मी शेवटचं सांगून पाहिलं, की रोज संध्याकाळी पाणी खालच्या पायरीला लागायचं. यावर त्या खळखळून हसल्या. "रोज संध्याकाळी? समुद्र काय नोकरीवरून घरी येतो? आज सहाला भरला तर उद्या पावणेसातला, परवा त्याच्याही पुढे. तिथी बदलली की वेळ बदलली. इथलं शेंबडं पोरसुद्धा असं म्हणायचं नाही. रोज संध्याकाळी म्हणणारा माणूस दोन-तीन दिवसांचा पाहुणा."

नात माझ्याकडे बघायला लागली. मी ताकाची वाटी तोंडाला लावली.

संध्याकाळी नात पाण्यात खेळायला गेली आणि मी त्या बाईंबरोबर धक्क्याकडे गेले. तिथे एक जुना बंगला आहे, आता कौलं उतरलेली. पूर्वी सरकारी साहेब उतरायचे म्हणे. गावात समुद्राकडे पायऱ्या असलेली हीच एक जागा. मी खाली बघत उभी राहिले. त्या आपल्या मनाने बोलत होत्या, की त्यांच्या सासूबाई सांगायच्या, फार जुनी गोष्ट, देशावरच्या कुठल्याशा अनाथ मुलींच्या आश्रमातल्या मुली एकदा इथे हवापालटाला आणल्या होत्या. दोन-तीन दिवस होत्या. गावातल्या बायका पाळीपाळीने येऊन रांधून वाढायच्या. एके दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरी. "सासूबाई म्हणायच्या, निघताना पोरी अशा रडल्या, जशा काही सासरी चालल्यात. आणि बायकांनाही रडू आवरेना."

मी पायरीवर बसले. ठेंगणी, उंच, नथीची, पांढऱ्या कपाळाची. एवढ्या आया.

आता याला पुरावा काही नाही, बाई. तुम्ही त्या मुलींमधल्या होतात असं कुणी सांगितलं नाही, तुमचं नाव कुणाला आठवत नाही. हे सगळं मीच जुळवलंय, आणि मी संशयी आहे हे नातही सांगेल. पण त्या पायरीवर बसले असताना मला आधी राग आला. वाटलं, एवढ्या वर्षांत मला एकटीला तरी सांगायचं. मी काय गावभर बोंबलत सुटले असते? ज्या गल्लीत सगळे गाव-गाव करत ट्रंका बांधतात तिथे आपल्याला गाव नाही हे तोंडातून निघत नसेल, मला कळतं. पण मी अंगठा उठवणारी बाई, माझ्यापुढे कसली लाज? मग पाणी चढायला लागलं. त्या दिवशी नेमकं संध्याकाळीच चढत होतं. आणि ते बघताना दुसरंच मनात आलं, की तुमच्याजवळ मुळात दोन-तीन दिवसांचं गाव. त्यातलं तुम्ही मला निम्मं काढून दिलंत. इतक्या थोड्यातलं कुणी मला काही दिलेलं नाही, बाई. माझ्या सख्ख्या भावांकडे चौदा एकर होती.

नातीला मी काही बोलले नाही. ती दोन्ही दिवस माझ्या मागे होती, "आजी, बाईंचं घर कुठलं? दाखव ना. मला फोटो काढायचाय." मी आज दाखवते, उद्या दाखवते करत राहिले. तिचा चेहरा मला दिसत होता. कंपनीत तिला नवीन आलेले विचारतात, गाव कुठलं, ती म्हणते सिल्वासा, तर ते म्हणतात, ते राहू दे, मूळ गाव सांग. मग तीही तुमच्याच गावाचं नाव सांगते, मला ठाऊक आहे. ते तिच्या हातून काढून घ्यायला माझी जीभ वळेना.

निघायच्या दिवशी गाडीत बॅगा टाकून झाल्या. त्या बाई ओंजळभर सुपाऱ्या घेऊन दारात आल्या आणि नातीच्या देखत विचारलं, "मग ताई, लागला का ठावठिकाणा बाईंच्या घराचा?" नात टवकारून ऐकत होती. आणि मी, जिने उभ्या जन्मात कुणाची थाप पचू दिली नाही ती, सरळ म्हणून गेले, "लागला. त्या पलीकडच्या वाडीमागे होतं. पडलंय आता." म्हणाले आणि मग उमगलं, कुणापुढे म्हणाले. माझ्यापुढे उभ्या बाईंना गावातला चिरा न् चिरा माहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नातीकडे पाहिलं. सुपाऱ्या माझ्या पदरात घातल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, ते होय. ते पडून झाली की पुष्कळ वर्षं. दाराशी बकुळ होती त्यांच्या." नातीने लगेच मोबाइल काढला आणि त्या वाडीचा फोटो घेतला.

हे पत्र मी गादीखाली ठेवणार आहे, नातीच्या हाती लागता कामा नये. तुम्हाला लिहितेय ते एवढ्यासाठी, की मला झोप नाही. त्या बाई माझी लाज राखायला बोलल्या हे उघड आहे, दुसरं काय असणार. पण बकुळ? थाप मारणाऱ्याला बकुळ कशाला लागते? नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यांचा फोन नंबर नातीकडे आहे. एक फोन केला की उलगडा होईल. चार वेळा मी नातीकडे मोबाइल मागितला, बाई, आणि चारही वेळा आज हवा काय म्हणते ते बघून परत दिला.