ड्वेन पिकेटचे नऊ गुण

मी, गिरिजा अरुण टिपणीस, वय ७४, राहणार नेपरव्हिल, इलिनॉय, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. इतरांची बुद्धी मोजण्यात नोकरीची वीस वर्षं गेली, तेव्हा एवढं मला कळतं असं धरून चालावं.

१. राहतं घर माझी एकुलती मुलगी अबोली हिला. ती वाळवंटातल्या चँडलरला राहते आणि बर्फाचं नाव काढलं तरी तिला हुडहुडी भरते, म्हणजे ती ते विकणार. खुशाल विकावं. फक्त अरुणने लावलेलं सफरचंदाचं झाड तोडू नका, असं नव्या मालकाला एकदा सांगावं.

२. बँकेत जे उरेल तेही तिचंच.

३. पितळी पुरणयंत्र माझी मैत्रीण इला हिला. अकरा वर्षांपूर्वी एका होळीपुरतं नेलं ते अजून तिच्याकडेच आहे. आता हक्काने वापरावं. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून तिची सही घेतली नाही. त्यावरून ती रुसली आहे. रुसू दे.

४. माझं स्टॉपवॉच आणि कपाटातलं तपकिरी पाकीट श्री. ड्वेन पिकेट यांना. कारण सविस्तर लिहिते, अबोलीला अर्धंच ठाऊक आहे.

अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ खेळाडू निवडण्याआधी त्यांची धाव आणि उडी मोजत, तशी बुद्धीही मोजत. बारा मिनिटांत पन्नास प्रश्न. १९९४ साली एका संघासाठी ही परीक्षा मी घेत होते, गुण मात्र सगळ्याच संघांपर्यंत पोचत. विमान चुकल्यामुळे ड्वेन एकटाच उशिरा आला. बावीस वर्षांचा, घाबरलेला. छापील सूचना वाचायच्या, पदरचा एक शब्द घालायचा नाही, हा आमचा नियम. मला त्याची दया आली आणि मी पदरचं वाक्य घातलं: "येत नसेल ते कोरं सोड, चुकीचं लिहू नकोस." माझे वडील नागपूरला गणित शिकवत आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापत. तीच शिस्त माझ्या अंगात मुरलेली. इथे चुकीला गुण कापतच नव्हते. अंदाजाने ठोकून देणाऱ्यांचाच फायदा होता.

ड्वेनने नऊ प्रश्न सोडवले. नऊही बरोबर. एकेचाळीस कोरे. चूक मला त्याच संध्याकाळी कळली. पण अरुणची नोकरी गेली होती, ग्रीन कार्ड यायचं होतं. मी तोंड उघडलं नाही, नऊ गुणांच्या अहवालावर सही केली. त्याला कुठल्याच संघाने घेतलं नाही. पुढची तीस वर्षं मी टीव्हीवर फुटबॉल लागला की खोलीतून उठून जात असे. अबोली म्हणायची, "आई, इट्स जस्ट अ गेम."

गेल्या ऑक्टोबरात स्थानिक वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. इथून वीस मिनिटांवरच्या शाळेत तो गणित शिकवतो. त्याची उत्तरपत्रिका जपून ठेवलेलं ते पाकीट आणि स्टॉपवॉच घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. त्याने उत्तरपत्रिका शेवटपर्यंत पाहिली. मग त्याने पँट वर करून गुडघ्यावरचा लांब व्रण दाखवला. त्या परीक्षेच्या चार महिने आधीचं ऑपरेशन. "संघांनी मला या गुडघ्यामुळे सोडलं, मॅडम. तुमचा कागद कोणी वाचलाही नसेल." मी तिथेच रडले. इतकं हलकं मला ग्रीन कार्ड आलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

पुढे तो म्हणाला, "तो नऊ आकडा मात्र मी खरा मानला. कॉलेजात परत जायला मला आठ वर्षं लागली." पुन्हा परीक्षा घेऊ का, असं मी विचारलं. तो हसून नको म्हणाला. स्टॉपवॉच मात्र त्याला आवडलं. मैदानावर मुलांना धावायला लावताना उपयोगी पडेल म्हणाला.

५. या लेखाने माझी आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. तसंच ड्वेन पिकेट यांना नऊ गुण देणारा, माझ्या सहीचा १९९४ चा अहवालही मी रद्द करते.

सही: गिरिजा अरुण टिपणीस
साक्षीदार: १. रुपाली देवधर, शेजारीण २. प्रसन्न वाकणकर, निवृत्त डॉक्टर
नेपरव्हिल, १४ नोव्हेंबर २०२४